पुलापासून चिमणीपर्यंत

पिप्पी फ्लॅट
३ फेब्रुवारी २०१९

प्रिय केरिन,

पाकिटामागचं नाव तू दोनदा वाचलं असशील. म्हातारा पत्र लिहायला लागला म्हणजे काहीतरी बिनसलंय, असं वाटलं असेल. तसं काही नाही. गेल्या महिन्यात त्र्याहत्तर पूर्ण झाली, गुडघे सोडले तर बाकीचं यंत्र चालू आहे. ई-मेल मला अजून उघडता येत नाही आणि तुझ्या त्या बेटावर फोन कधी लागत नाही, म्हणून कागद.

डॉटने मला लिहायला बसवलंय. ती आता आपल्या फ्लाइंग क्लबची चिटणीस, खजिनदार आणि चहावाली, तिन्ही एकटीच आहे. विमानं ठेवायचं नवं हँगर बांधून झालं. २८ एप्रिलला, रविवारी, उद्घाटन आहे आणि दारावर माझं नाव लावायचं घाटतंय. बेचाळीस वर्षं पोरांना उडायला शिकवलं म्हणून. मी सभेत उठून नको म्हणालो, तर लोकांनी त्याला विनय समजून टाळ्या वाजवल्या. बेव्हन म्हणाला, "बस खाली वॉल, लाजायचं वय गेलं तुझं." बसलो खाली.

तर डॉटचा हट्ट असा, की माझ्या हाताखाली शिकलेल्यांनी चारचार ओळी पाठवाव्यात आणि त्या दिवशी ती त्या वाचून दाखवणार. मी तिला म्हटलं, केरिनला त्रास देऊ नकोस, ती आता उडत नाही. त्यावर ती फणकारली, "का उडत नाही ते तूच विचार की, तुझीच ना लाडकी?" म्हणून विचारतो. दर दोन वर्षांनी द्यायची तुझी उड्डाणाची चाचणी एप्रिलअखेरपर्यंतच चालेल, असं तिच्या वहीत आहे. ती संपू देऊ नकोस.

इकडे बाकी तेच. टालबोऱ्याच्या विमानतळावर आता दिवसाला सहा जेट उतरतात. साखर कारखाना बंद आहे, हंगाम जूनमध्ये.

ओळी नाही पाठवल्यास तरी चालेल, केरिन. खरंच चालेल.

तुझा,
वॉल ट्रेथवी


लेडी बॅरन, फ्लिंडर्स बेट
१९ फेब्रुवारी २०१९

प्रिय वॉल,

तुमचं अक्षर बघून दवाखान्यातल्या सगळ्यांना वाटलं, कुण्या डॉक्टरची चिठ्ठी आलीय. मी वाचून दाखवलं तेव्हा कुठे त्यांचा विश्वास बसला.

ओळी पाठवते. त्यात त्रास कसला? पण त्याआधी थोडं बोलू द्या. २०१७च्या त्या नोव्हेंबरची गोष्ट तुम्ही स्वतःहून कधीच काढत नाही, हा तुमचा चांगुलपणा आहे. मीच काढते.

टालबोऱ्याच्या विमानतळाला नियंत्रण मनोरा झाला आणि हद्द बदलली, तेव्हा तुम्ही आम्हा सगळ्यांना जुन्या हँगरच्या फरशीवर खडूने आखून दाखवली होतीत. इथे नदीवरचा पूल, इथे कारखान्याची चिमणी. इतकी वर्षं चिमणीपर्यंत आपलं आभाळ मोकळं होतं. तिथवर किनाऱ्याने जायचं, चिमणीवर वळायचं आणि वर चढायचं. आता पुलापासूनच मनोऱ्याची हद्द. पूल ओलांडायचा तर विचारून. पुलाच्या अलीकडे पंधराशे फुटांच्या खाली राहायचं. तुम्ही आमच्याकडून ते तीनदा म्हणून घेतलंत.

आणि नवव्याच दिवशी मी घोळ घातला. शेतकऱ्यांनी तोडणीआधी ऊस पेटवलेला, धुराने काही दिसत नव्हतं. जेट उतरायला आलं आणि त्याच्या पुढ्यात चिमणीवर एक पांढरं छोटं विमान. शंभरावर माणसं घेऊन त्याला पुन्हा वर उचलावं लागलं. मनोऱ्यातून रेडिओवर विचारणा झाली, "चिमणीवरचं पांढरं विमान, कोण आहात?" कुणी बोललं नाही. पुन्हा विचारलं. माझंही विमान पांढरंच होतं. मला खाली नदीचा एवढासा तुकडा दिसत होता, पूल पुढे आहे की मागे गेला ते कळेना. तुम्ही पहिल्या दिवशी शिकवलं होतंत, विचारणा झाली आणि खात्री नसली तर आधी तोंड उघडायचं. चूक मागाहून निस्तरता येते, पण गप्प बसलं की कुणीतरी मरतं. मी बटण दाबलं आणि म्हणाले, "बहुतेक मी असेन."

माझ्या नावावर शेरा बसला तो बसला. रुग्णांना नेणाऱ्या विमानावर वैमानिक व्हायचं म्हणून अर्ज केला होता, तो मी परत घेतला. आता तेच विमान आमच्या बेटावर येतं. मी रुग्णाला आत झोपवते, पट्टे आवळते आणि दार लावून बाहेर उभी राहते. नर्सचं काम वाईट नाही.

एकच गोष्ट मनात सलते. बाबांना एकदा माझ्याबरोबर वर यायचं होतं. जन्मभर ज्या शेतात ऊस तोडला, ते वरून कसं दिसतं ते बघायचं होतं. मी आज-उद्या करत राहिले. शंभर माणसांना धोक्यात घातलं, आता बापाला कसं नेऊ, असं वाटायचं. गेल्या मार्चमध्ये ते गेले. तुम्ही अंत्यविधीला मागच्या रांगेत बसला होतात, मला आठवतं.

चाचणी संपेल तर संपू दे. माझा हेडफोन तुमच्या कपाटात आहे, तो विकून टाका.

डॉटसाठी ओळी:

"वॉल ट्रेथवींनी मला उडायला शिकवलं, ते मी विसरेनही. पण चुकलं तर आपण होऊन सांगायचं, हे त्यांनी शिकवलं आणि ते विसरणार नाही. माझ्या सगळ्यांत वाईट दिवशी ते माझ्यासोबत तीन तास गाडी चालवत चौकशीला आले, आणि 'ही सावध वैमानिक आहे' असं माझ्यासाठी लिहून दिलं. असा माणूस दारावर असेल, तर आत येणारा प्रत्येक जण नीट वागेल."

तुमची,
केरिन ओडगर्स


पिप्पी फ्लॅट
११ मार्च २०१९

प्रिय केरिन,

तुझं पत्र येऊन दहा दिवस झाले. उत्तर लगेच द्यायला हवं होतं. गवत कापायचं होतं, मग मशीन बिघडलं.

ओळी डॉटला अजून दिलेल्या नाहीत. फार लिहिलंस. चारच मागितल्या होत्या.

एक सांगायचं आहे. तू लिहितेस, नदीचा तुकडा दिसत होता. परवा मी गाडी घेऊन पुलावर गेलो, टेकाडावर चढलो, बराच वेळ बघितलं. धुरात नदी दिसते ती फक्त अलीकडे, जिथे पात्र रुंद आहे तिथे. पलीकडे झाडी आहे, वरून पाणी दिसतच नाही. म्हणजे तू पुलाच्या अलीकडेच असणार. आपल्या बाजूला. तू चुकली नव्हतीस, पोरी.

मग कोण होतं म्हणशील. पांढरी विमानं काय थोडी आहेत या किनाऱ्यावर? उत्तरेकडून आलेला कुणी पाहुणा असेल, त्याला हद्द बदलल्याचं ठाऊक नसेल. शिवाय ती हद्द आखली त्यांनीही काही अक्कल वापरलेली नाही. पूल धुरात दिसत नाही, चिमणी दिसते. जे दिसत नाही त्याची कुणी खूण करतं का? हद्दीबद्दल टाउन हॉलमध्ये सभा झाली, तिथे मी हे सांगितलंही होतं.

तर तू तो शेरा मनाला लावून घेऊ नकोस आणि चाचणी दे. हेडफोन विकणार नाही.

तुझ्या बाबांच्या, लिंडसेच्या अंत्यविधीत मी मागे बसलो होतो, कारण उशीर झाला होता.

तुझा,
वॉल


लेडी बॅरन
२५ मार्च २०१९

प्रिय वॉल,

तुमचा मला राग आला आहे, आणि तो तसाच कागदावर उतरवते आहे. तुम्हीच म्हणायचात, मनात दाबून ठेवलेलं वर गेल्यावर बाहेर येतं.

माझं सांत्वन करायला तुम्ही पाहुणा कुठून पैदा केलात? चौकशीत त्यांनी त्या सकाळच्या सगळ्या नोंदी पाहिल्या होत्या, बाहेरून कुणी आलेलं नव्हतं. तुम्ही माझ्या शेजारीच बसला होतात. हे तुम्ही विसरलात, की मला विसराळू समजता?

आणि समजा, असलाच कुणी. मग माझ्याकडे काय उरतं? माझी वैमानिकाची नोकरी हुकली, बाबांना नेलं नाही, पण निदान विचारल्यावर मी बोलले, एवढं तरी मी स्वतःला सांगू शकते. त्यावर उभी आहे मी. ती चूक माझी नव्हतीच, तर मी नुसतीच मूर्ख ठरते.

माझ्यावर माया आहे म्हणून तुम्ही असं लिहिलंत, ते कळतं मला. पण तुम्हीच खोटी कारणं द्यायला लागलात तर आम्ही कुणाकडे बघायचं? हद्द नीट आखली नव्हती म्हणे! फरशीवर खडूने तर तुम्ही नीट आखली होतीत ना?

डॉटला ओळी द्या. एक शब्द न गाळता. मी तिला फोनवर सांगितलंय, पाच मिनिटं का होईना लागला एकदाचा.

रागावले असले तरी तुमचीच,
केरिन


पिप्पी फ्लॅट
९ एप्रिल २०१९

केरिन,

चिमणीवर मी होतो.

आता बाकीचं लिहितो. वाचायचं की नाही ते तू ठरव.

त्या सकाळी मी एकटाच निघालो होतो, इंजिनाचा आवाज बघायला. नवा नकाशा सीटखाली होता, प्लास्टिकच्या वेष्टणात, न उघडलेला. मांडीवर जुनाच होता. त्याच्यावर नोरीनच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. ती होती तोवर नकाशा तीच धरायची, तुला माहीत आहे. त्या खुणांसाठी मी तो बदलला नाही, असं मी सहा वेळा लिहून खोडलं. गेलेल्या बायकोच्या आड लपायचं, म्हणजे कमाल झाली. खरी गोष्ट एवढीच की मला गरज वाटली नाही. टाउन हॉलच्या सभेत त्या विमान खात्याच्या माणसांसमोर मी म्हणालो होतो, "आमची काळजी करू नका, ही हद्द मी डोळे मिटून पाळीन, तुमच्या जेटवाल्यांना शिकवा." लोक हसले होते. मीही हसलो होतो.

पूल कधी मागे गेला ते मला धुरात कळलं नाही. मी बघितलंच नाही म्हण. धुरातून चिमणी वर आली आणि बेचाळीस वर्षांच्या सवयीने हाताने विमान वळवलं आणि वर चढवलं. तुम्हाला तीनदा म्हणायला लावलं ते मी स्वतः एकदाही म्हटलं नव्हतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मग उजव्या हाताला जेटचं पोट दिसलं, इतकं जवळ की चाकं मोजता आली.

मनोऱ्यातल्या बाईने विचारलं तेव्हा माझा अंगठा बटणावर होता. हे तुला कळायला हवं. मी घाबरून गोठलो होतो असं नाही. मी विचार करत होतो. क्लबचा अध्यक्ष मी, शिकवणारा मी, सभेत फुशारकी मारणारा मी, आणि नवव्या दिवशी मीच. तिने दुसऱ्यांदा विचारलं. मग तुझा आवाज आला. "बहुतेक मी असेन."

आणि मला वाटलं, सुटलो.

हे एक वाक्य लिहायला मला दीड वर्ष लागलं.

मी रेडिओचा आवाज बारीक केला, समुद्राच्या बाजूने पाचशे फुटांपर्यंत खाली आलो आणि किनाऱ्याने गुपचूप घरी आलो. डॉटने चहा ठेवला होता. अर्ध्या तासाने तू आलीस, तोंड पांढरंफटक. मी तुझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "होतं असं, पोरी." तो हात मला अजून तोडून टाकावासा वाटतो.

नंतर प्रत्येक दिवशी सांगायचं होतं, आणि प्रत्येक दिवशी ते कालपेक्षा अवघड होतं. चौकशीला तुझ्याबरोबर आलो ते तुझ्यासाठी नव्हे. तिथे माझं नाव निघतं का ते बघायला आलो. वाटेत तू मला सॉसेज रोल घेऊन दिलास. 'सावध वैमानिक' असं लिहून दिलं ते मात्र खरं होतं. तेवढंच.

आणखी एक आहे, ते तुला माहीत नाही. लिंडसे माझ्याकडे आला होता, जाण्याच्या महिनाभर आधी. क्लबच्या दारात टोपी हातात घेऊन उभा राहिला. म्हणाला, "वॉल, माझी पोरगी उडत का नाही? तू सांगितलंस तर ऐकेल." मी म्हणालो, वेळ दे तिला. वर म्हणालो, चल, मी तुला उसावरून फिरवून आणतो. तो म्हणाला, "नको, तिच्याबरोबरच जाईन." तेव्हा सांगायला हवं होतं. त्याच्याकडे वेळ नव्हता, हे त्याच्याकडे बघून कुणालाही कळलं असतं. मी अंत्यविधीला उशिरा पोचलो नव्हतो. सगळ्यांत आधी आलो होतो आणि मागे जाऊन बसलो, पुढे बसायची लाज वाटली म्हणून.

त्या दिवसापासून मी विमानाने पूल ओलांडलेला नाही. विचारलं तर परवानगी मिळते, सगळे विचारून जातात. पण ती मनोऱ्यातली बाई आवाज ओळखेल, असं मला वाटतं. तिने माझा आवाज त्या दिवशी ऐकलाच नव्हता, तरी. चोराच्या मनात चांदणं.

तू लिहिलंस, त्या एका गोष्टीवर तू उभी आहेस. ती काढून घ्यायला मी हे लिहीत नाही. तू बोललीस ते बरोबरच होतं. चूक तुझी नव्हती, एवढंच. आणि ते मी कुणाला कळू दिलं नाही.

या पत्राबरोबर खात्यालाही एक पत्र टाकतो आहे, सगळं लिहून. २८ तारखेला क्लबमध्ये सांगणार आहे. डॉटला तुझ्या ओळी आज दिल्या. एक शब्द न गाळता.

माफ कर असं लिहिलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. तेवढी जनाची नाही तरी मनाची आहे.

वॉल


पिप्पी फ्लॅट
२ मे २०१९

केरिन,

तुझं उत्तर आलं नाही. यावं असंही म्हणत नाही. काय झालं ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मी कळवतो.

रविवारी ऊन होतं. साठेक माणसं आली होती, बायकांनी केक आणले होते, बेव्हन बाहेर सॉसेज भाजत होता. पाटीवर कापड होतं. डॉटने सगळ्यांच्या ओळी वाचल्या आणि तुझ्या शेवटी ठेवल्या. 'असा माणूस दारावर असेल' इथे लोकांनी टाळ्या वाजवल्या. जमीन दुभंगली असती तर मी आत गेलो असतो. ती दुभंगली नाही, म्हणून उभा राहिलो.

मी कागद नेला होता, पण चष्मा सापडेना. तसंच बोललो. "केरिनने लिहिलंय तो माणूस मी नव्हे. त्या दिवशी चिमणीवर मी होतो. तिने माझी चूक अंगावर घेतली आणि मी घेऊ दिली." एवढंच झालं.

आधी कुणाला कळलंच नाही. बेव्हन लांबून ओरडला, "वॉल, भाषण आवर, इथे सगळं जळतंय." मग त्यालाही कुणीतरी सांगितलं. मला वाटलं होतं, कुणीतरी शिव्या देईल. कुणी दिल्या नाहीत. लोक एकेक करून गाड्यांकडे गेले. केक तसेच राहिले. बेव्हनने तेवढं जवळ येऊन विचारलं, "लिंडसेला माहीत होतं?" मी नाही म्हणालो. तो म्हणाला, "मग बरंच झालं तो गेला ते," आणि निघून गेला. ते दोघं तीस वर्षं एका फडात ऊस तोडायचे.

डॉट शेवटपर्यंत थांबली, कारण भांडी तिलाच घासायची होती. पाटी तिने स्वतः रंगवली होती, पंधरा दिवस लागले होते. ती पाटी तिने काढली, जमिनीवर उलटी ठेवली आणि मला ब्रश दिला. "लिही," म्हणाली. "जे खडूने लिहिलं होतंस ते." मी लिहिलं. पूल ओलांडण्याआधी विचारा. पुलाच्या अलीकडे पंधराशे फुटांच्या खाली. नवा नकाशा उघडून बघा. आता ती पाटी दारावर आहे. मागच्या बाजूला माझं नाव आहे, भिंतीकडे तोंड करून.

विमानाच्या किल्ल्या डॉटकडे दिल्या. खात्याचं उत्तर यायचं आहे, लायसन्स जाईल. जाऊ दे.

तुझा हेडफोन पुसून डब्यात ठेवलाय. पत्ता सांगशील तिथे पाठवतो.

वॉल


लेडी बॅरन
२३ जून २०१९

वॉल,

तुमचं एप्रिलचं पत्र मी तीनदा शेगडीत घालायला काढलं. घातलं नाही, कारण त्यात बाबा आहेत. टोपी हातात घेऊन उभे राहिलेले बाबा मला आणखी कुठे मिळणार?

तुम्ही माफी मागितली नाहीत ते बरं केलंत. माझ्या नोकरीचं आणि शेऱ्याचं मी कदाचित विसरेन. बाबांचं मात्र मी तुम्हाला माफ करणार नाही. तुम्ही त्यांना 'वेळ दे' म्हणालात. हे मी चिडून लिहीत नाही. चिडून लिहिलेली चार पत्रं फाडली, हे पाचवं आहे.

खात्याचं पत्र आलं. अर्धं पान. शेरा काढून टाकल्याचं लिहिलंय, खाली सही. ते मी दवाखान्यातल्या बायकांना दाखवलं तर त्या म्हणाल्या, आता काय करणार? दीड वर्ष मी स्वतःला सांगत होते, की मी चुकले पण बोलले. आता नुसतंच बोलले, आणि चुकलेले नाही. एवढं चांगलं झाल्यावर माणसाने रडायचं का? मी रडले.

मग मी बोटीने निघाले, आठ तास उलट्या करत पलीकडे पोचले आणि लॉन्सेस्टनला जाऊन चाचणी दिली. तिथला शिक्षक तरुण आहे, फार बोलतो, पण नवा नकाशा उघडून मांडीवर ठेवतो. दोन दिवसांनी त्याने मला एकटीला जाऊ दिलं.

तिथेही मनोरा आहे. मी हद्दीच्या बाहेर थांबले, विचारलं, परवानगी मिळाली, आत गेले. इतकं साधं आहे ते, वॉल. खाली रेल्वेचा रूळ होता, डावीकडे गिरणी, सगळं नकाशाप्रमाणे. तेवढ्यात मनोऱ्यातून आवाज आला, "नदीच्या वळणावरचं छोटं विमान, कोण आहात?"

माझा अंगठा आपोआप बटणावर गेला. मग मी खाली बघितलं. नदी माझ्यापासून चांगली पाच मैल लांब होती. ती मी नव्हते. मी अंगठा काढून घेतला. खात्री असताना गप्प बसायचं असतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

कुणीच बोलेना. मी मनात मोजत होते, चारपर्यंत पोचले. त्या चार सेकंदांत मला तुम्ही दिसलात, तुमच्या त्या पांढऱ्या विमानात, धुरात, बटणावर अंगठा ठेवून बसलेले. राग आला, आणि रागाबरोबर तुमची कीवही आली. दोन्ही सांगते, कारण दोन्ही खरं आहे.

हेडफोन पाठवा, दवाखान्याच्या पत्त्यावर. स्वतः घेऊन येऊ नका. निदान यंदा नको.

तर चार झाले, आणि मग कुणीतरी खाकरलं. म्हाताऱ्या माणसाचा आवाज होता. म्हणाला, "मी आहे. वळण चुकलो वाटतं."

मनोऱ्यातला पोरगा म्हणाला, "बरं. डावीकडे वळा आणि हजार फुटांवर राहा." आणि मग त्याने मला उतरायला सांगितलं.

एवढंच होतं, वॉल.

केरिन